असेनोकुमारॉल आणि मेथीची जुडी

नाशिकला इंदिरानगरातल्या एका औषधाच्या दुकानात मी एकतीस वर्षं उभी होते. 'उभी' हा शब्द शब्दशः घ्यावा. आमच्या शेठनी दुकानात एसी आणला, संगणक आणला, देवाच्या तसबिरीभोवती पळते दिवे आणले. फार्मासिस्टसाठी स्टूल मात्र शेवटपर्यंत आलं नाही. "बाई, बसून औषध दिलं की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान चालत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. हे ते गल्ल्यावर बसून सांगत.

गेल्या वर्षी मी काउंटर सोडला. निरोपाच्या दिवशी शेठनी शाल दिली आणि भाषणात सांगितलं की बाईंना दुकानातल्या प्रत्येक औषधाचं नाव तोंडपाठ आहे. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, तो लोकांना विनय वाटला. खरं कारण वेगळं होतं. नावं तोंडपाठ असण्याचा अभिमान एकदा फार महागात पडला होता, आणि तोही मला नाही, दुसऱ्याच एका बाईला. तीच हकीगत इथे लिहिते.

नाव असं: असेनोकुमारॉल.

सावकाश वाचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तर ते अजिबात वाचता आलं नव्हतं. नोकरीचा पहिला दिवस होता. चिठ्ठीवर डॉक्टरांनी एक 'अ' काढला होता आणि पुढे उताराला लागलेल्या सायकलसारखी एक रेघ सोडून दिली होती. मी चिठ्ठी उजेडात धरली, तिरकी धरली, लांब धरली. शेठनी गल्ल्यावरूनच मान वर केली आणि म्हणाले, "अहो, ती पांढरी बारकी. हार्टवाली. तिसऱ्या कप्प्यात." शेठ नववीपर्यंत शिकलेले. माझी चार वर्षांची पदवी तिसऱ्या कप्प्यापाशी येऊन संपली.

त्या पदवीबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं. मी मूळची सायखेड्याची. वडील गोदावरीच्या काठाने शेतकऱ्यांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करत हिंडायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. पार्ट आणायला नाशिकला जात ते जुना पार्ट फडक्यात बांधून. दुकानदाराने नाव विचारलं की फडकं सोडून दाखवत. "नावाचं काय करायचं? हा तिथं बसला पाहिजे," म्हणत. मला ते ऐकून लाज वाटायची. शाळेत इंग्रजीचे सर मात्र नावाचे भक्त. "लांब शब्दाला घाबरायचं नाही. भाकरी अख्खी कुणी गिळतं का? मोडायची, घास घास करायची," असं ते सांगत. त्या एका वाक्यावर मी फार्मसीच्या पदवीपर्यंत पोहोचले, हे ऋण मी आजही मानते. पदवीचा कागद आईने देव्हाऱ्यात ठेवला होता. नोकरीसाठी तो न्यायचा म्हणून मला आधी देवापुढे दिवा लावावा लागला.

तर सरांच्या पद्धतीने मी तो शब्द त्याच दिवशी मोडून पाठ केला. अ-से-नो-कु-मा-रॉल. आणि मग पुढची कितीतरी वर्षं ऐकत राहिले की नाशिककर तो कसकसा मोडतात. कुणी 'असीन कुमार' मागायचं, जणू आमच्याकडे त्या नावाचा एखादा मुलगा कामाला आहे. एका आजोबांनी 'नोकुमार' असं अर्धंच मागितलं आणि वर म्हणाले, "अर्धीच लिहून दिलीय डॉक्टरांनी." गोळी अर्धी तर नावही अर्धं. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. बरेच जण नुसतं "रक्ताची गोळी द्या" म्हणत, आणि त्यात लोहाच्या गोळ्या मागणारेही असत. म्हणून मी एक नियम केला होता. जुनं पाकीट दाखवल्याशिवाय गोळी मिळणार नाही. हा नियम वडिलांच्या फडक्यावरून आला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही. पदवीधर बाईने तो पुस्तकातून घेतला असेल, असं लोकांना वाटलेलं बरं.

ही गोळी करते काय, ते बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. तिला 'रक्त पातळ करणारी' म्हणतात, आणि तिची अर्धी बदनामी या तीन शब्दांनी केली आहे. रक्त पातळ म्हणजे दुधात पाणी घातल्यासारखं काहीतरी, अशी समजूत. एक गृहस्थ सकाळी गोळी घेत आणि संध्याकाळी 'भरपाई म्हणून' बीटाचा रस पीत. एका सासूबाईंनी काउंटरवर सांगितलं की सुनेनेच डॉक्टरला सांगून माझं रक्त पातळ करवलंय. तसं काही नसतं. या गोळीने रक्ताला गोठायला जरा जास्त वेळ लागतो, एवढंच. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असते किंवा ज्यांच्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडतात, त्यांच्या आत रक्ताची गाठ धरू नये म्हणून ती देतात. कमी पडली तर गाठ धरते, ती मेंदूकडे गेली तर लकवा. जास्त झाली तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. मधली वाट शेताच्या बांधाएवढी. त्या बांधावर माणूस चालतोय की नाही, हे बघायला दर महिन्याला रक्ताची तपासणी करतात आणि तिचा एक आकडा येतो.

आता वाघचौरे साहेब. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले अभियंते. हृदयाचे ठोके बेताल म्हणून त्यांना हीच गोळी होती. इंदिरानगरात, आणि माझा अंदाज आहे संपूर्ण नाशिकमध्ये, त्या औषधाचं नाव त्यांच्याइतकं शुद्ध कुणी घेत नसेल. ते काउंटरशी येत, घसा साफ करत आणि एकेक अक्षर असं उच्चारत की मागच्या गिऱ्हाइकाने टोपी काढावी. माझा उच्चारही त्यांनी एकदा सुधारला होता. "बाई, शेवटचा 'रॉल' गोल हवा. तुमचा चपटा येतो." मी तेव्हापासून गोल करते.

एकदा ते नाकाला रुमाल लावून आले. दोन दिवस नाकातून रक्त येत होतं, त्यासाठी थेंब हवे होते. मी नियमाप्रमाणे सगळी पाकिटं मागवली. दोन निघाली. एक नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं मध्यंतरी हॉस्पिटलात राहून आले तिथलं. कंपन्या दोन, रंग दोन, आतलं औषध एकच. साहेब दोन्ही घेत होते.

"साहेब, दोन्हींवर खाली बारीक अक्षरात एकच नाव आहे."

"अर्थातच," साहेब म्हणाले आणि दोन्हींवरचं नाव खणखणीत वाचून दाखवलं. दोनदा. उच्चारात काडीचा फरक नव्हता.

"मग एकच औषध दोनदा घेताय तुम्ही."

साहेबांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाले, "रंग वेगळा होता." त्यांना मी तसंच डॉक्टरांकडे पाठवलं, आणि निभावलं.

त्यानंतर मी या गोळीची माहिती देणारा एक कागद तयार केला. कधी घ्यायची, चुकली तर काय, कुठल्या गोळ्यांशी जमत नाही, खाण्यापिण्यात काय सांभाळायचं. पहिला कागद मानाने साहेबांना दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत आणून दिला. शुद्धलेखनाच्या पाच चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या होत्या. बाकी मजकुराबद्दल काही बोलले नाहीत. मी आभार मानले आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली हौसाबाई भाजी घेऊन बसायच्या. पाथर्डी गावाच्या बाजूला त्यांचा मळा. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक. मुलगा सोपान सकाळी मोटारसायकलवरून त्यांना आणि क्रेटना आणून सोडायचा. लहानपणी हौसाबाईंना सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप बिघडली होती. पन्नाशीत ती बदलून धातूची बसवली, आणि ही गोळी जन्माची मागे लागली. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात जुनं पाकीट घेऊन त्या यायच्या.

"ताई, ती दे."

"ती म्हणजे कोणती, मावशी? नाव सांगा."

"तुझ्या दुकानात सतरा डबे. नाव तू ध्यानात ठेव. मी कशाला ठेवू?"

हे मला लागलं. मी सायखेड्याची मुलगी शिकून इथवर आले, तर ही बाई एक नाव शिकू शकणार नाही? मी मनावर घेतलं. दर वेळी पाकीट हातात देण्याआधी घास मोडून द्यायचे: अ, से, नो. हौसाबाई हसायच्या, पदर तोंडाला लावायच्या, पण म्हणायच्या. चार महिन्यांनी एका सकाळी त्यांनी कडुलिंबाखालूनच ओरडून अख्खं नाव म्हणून दाखवलं. शेठनी पेढे मागवले. मी मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला लावला. ओळखीच्या बायकांनी अंगठे पाठवले, एकीने 'साक्षरतेचा विजय' असं लिहिलं.

त्या महिन्याचा त्यांचा तपासणीचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता. आला दीड. तो कुणी स्टेटसला लावला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "पालेभाजी खाता का?" हौसाबाई म्हणाल्या, "नाय." मीही माझा तो कागद वाचून दाखवत विचारलं होतं. मेथी, पालकासारख्या पाल्यात रक्त गोठवायला मदत करणारं जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट चालतं, म्हणून विचारावं लागतं. मला त्या हसून म्हणाल्या होत्या, "पालेभाजी कोन खातं ताई? ती गिऱ्हाइकाची." मला ते उत्तर इतकं आवडलं की मी शेठनाही सांगितलं. आम्ही दोघं हसलो. मग डॉक्टरांपुढे एकच शक्यता उरली. बाई गोळ्या चुकवतात.

ते थंडीचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास मी काउंटरमागून पाहत होते. हौसाबाई मेथीची जुडी बांधत होत्या. जुडी हातातून पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी जुडीकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघितलं. मी धावले तोवर तोंड एका बाजूला ओढलं होतं. रिक्षात घालून नेलं. वेळेत पोहोचलो म्हणून जीव वाचला, बोलणं परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र पूर्ण परतली नाहीत.

महिनाभराने त्या पुन्हा कडुलिंबाखाली येऊन बसल्या. गोळ्या न्यायला आल्या तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती, वाघचौरे साहेबही होते. मी हौसाबाईंचं जुनं पाकीट तपासलं. जितक्या गोळ्या संपायला हव्या होत्या तितक्याच संपल्या होत्या. त्यावर शहाण्या माणसाने काय समजावं? की बाई गोळ्या घेतात. मी काय समजले? की बाई टाकून देतात.

"मावशी, खरं सांगा. चुकवता ना?"

"देवाशपत नाय चुकवल्या."

"मग आकडा खोटा का? औषधापाशी खोटं चालत नाही, मावशी."

साहेबांनी मान डोलावली. हौसाबाईंनी डाव्या हाताने पाकीट घेतलं, पदराला गाठ मारायला गेल्या, ती एका हाताने बसेना. तसंच मुठीत धरून गेल्या. डॉक्टरांनी डोस वाढवून दिलेला होताच. मी पाकिटावर पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: रोज, न चुकता.

आता उन्हाळा लागला. मेथी उन्हाने करपली, बाजारात येईनाशी झाली आणि जी आली तिला भाव चढला. हौसाबाईंच्या जुड्या सकाळी अकराच्या आत संपायला लागल्या. एक दिवस त्या रिकामे क्रेट तिथेच सोडून दुकानात आल्या.

"ताई, दात घासायची चांगली पावडर दे. मशेरी लावली की लय रगत येतंय हिरड्यांतून."

"कधीपासून?"

"झाले आठ दिस. आन् हे बघ." त्यांनी बाही वर केली. दंडापासून मनगटापर्यंत जांभळे डाग होते, पिकलेल्या करवंदासारखे. "क्रेट उचलताना लागतो जरा, तर एवढं मोठं होतंय."

शेठ म्हणाले, "हिरड्यांचं जेल द्या ना बाई, नवीन आलंय." मी जेलच्या डब्याला हात लावला नाही. डोस वाढवला होता, आणि वर या बाईने तो खरंच रोज न चुकता घेतला होता. पण मग थंडीत काय झालं होतं?

अशा वेळी पुस्तक आठवायला हवं होतं. मला वडील आठवले. बंद पडलेल्या इंजिनापाशी गेले की ते शेतकऱ्याला कधी विचारत नसत की इंजिनाला काय झालं. ते विचारायचे, काल काय काय केलं? पाणी कुठल्या पाटाला सोडलं, तेल कुणी भरलं, कधी बंद केलं? बिघाड त्याच गोष्टींत निघायचा, आणि शेतकऱ्याला तो बिघाड वाटलेला नसायचा.

"मावशी, काल काय जेवलात?"

"वांग्याचं कालवन आन् भाकर."

"परवा?"

"बटाटा. तेच्या आदल्या दिशी पिठलं. का गं?"

"मेथी कधी केली होती शेवटची?"

"आता कुठली मेथी? एवढा भाव असताना घरात पानबी ऱ्हात नाय. सगळी इकती."

"आणि थंडीत?"

"थंडीत तर मेथीच. बाजार पडला व्हता ना. अर्ध्या जुड्या माघारी यायच्या. सकाळी मेथी, संध्याकाळी मेथी. सोपान म्हने, आये, आता माझ्या तोंडाला शेळीवानी वास येतोय."

"मावशी, तुम्ही मला म्हणालात पालेभाजी खात नाही."

"खात नायच आम्ही. पालेभाजी इकायची असती. ती उरलेली व्हती." हौसाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की एवढी शिकलेली बाई आणि हे कसं कळत नाही. "उरलेलं टाकायचं व्हय?"

शहरातल्या माणसाला हे उत्तर लबाडीचं वाटेल. पण त्यांच्या घरात जेवण म्हणजे ठरवून केलेलं. उरलेलं संपवणं हे काम असतं, झाडलोट असते तसं. ते खाण्यात कुणी धरत नाही. बाजार पडला की हौसाबाईंच्या पोटात मेथी जायची आणि रक्त गोठायला लागायचं. बाजार चढला की मेथी गिऱ्हाइकाच्या पोटात जायची. त्यांच्या रक्ताचा आकडा डॉक्टर प्रयोगशाळेत शोधत होते, मी पाकिटात शोधत होते, आणि तो रोज मार्केट यार्डातल्या लिलावात ठरत होता.

मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, सोपानला फोन केला, आणि शेठना सांगितलं की मी दुकान सोडून मावशींना हॉस्पिटलात नेतेय. शेठ म्हणाले, "दुकानात कोण?" मी म्हटलं, "जेल विका तुम्ही." एकतीस वर्षांत मी त्यांना उलटून बोलले ते एवढंच.

आकडा सातच्या वर गेला होता. त्यांना लगेच दाखल करून घेतलं. दोन दिवस गोळी बंद ठेवली आणि गंमत पहा, मेथीत असतं तेच जीवनसत्त्व अगदी थोडं दिलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हौसाबाईंना जरा चिडून विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी पालेभाजी इचारली व्हती," हौसाबाई म्हणाल्या. "मेथीचं कुनी इचारलं नाय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. त्या उठून बसल्या होत्या. आता मात्र मी नाव शिकवलं नाही. "मावशी, तुमच्या विहिरीतल्या मोटरीला खाली फुटव्हॉल्व्ह असतो ना?"

"असतो की. पानी माघारी जाऊ देत नाय."

"तसाच एक तुमच्या छातीत बसवलाय. सतत पाण्यात राहून त्या व्हॉल्व्हला काय धरतं?"

"शेवाळ."

"तसं त्याला रक्ताचं शेवाळ धरू नये म्हणून ही गोळी. आणि मेथी म्हणजे त्या शेवाळाला खत."

हौसाबाईंनी लगेच विचारलं, "मंग मेथी बंद?"

"बंद नाही. डॉक्टर म्हणतात रोज सारखी हवी. एक मूठ म्हणजे एक मूठ. बाजार पडला तरी तेवढीच आणि चढला तरी तेवढीच. त्या मापाला गोळी बसवून देतील."

"एवढं सोपं व्हतं, तर ते असेनोबिसेनो कशाला शिकवत बसली मला चार महिने?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो पांघरुणावर पालथा पडला होता, दोन बोटं आत वळलेली. थंडीत मी जेवणाचा प्रश्न विचारला असता तर तो हात आज मेथी बांधत असता. पेढे, व्हिडिओ, अंगठे, सगळं झालं होतं. काल काय जेवलात, हे विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"मावशी, मी तुम्हाला त्या दिवशी खोटं बोलता म्हणाले. चुकलं माझं."

"चुकलंच," हौसाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पन हितं कोन हाय ऐकायला? तू चारचौघांत म्हनाली व्हतीस. चारचौघांत माघारी घे."

त्या दुकानात आल्या त्या दिवशी मी ते केलं. सकाळची वेळ होती, काउंटरला पाच-सहा माणसं होती, साहेब नेहमीसारखे घसा साफ करत होते. मी म्हटलं, "सगळ्यांनी जरा ऐका. या मावशींनी एकही गोळी चुकवली नव्हती. मी त्यांना इथे उभं राहून खोटं ठरवलं. खोटी मी होते." माझा आवाज चपटा आला असेल, पण साहेबांनी दुरुस्त केला नाही. शेठ गल्ल्यातली सुटी नाणी विनाकारण लावत बसले. हौसाबाई म्हणाल्या, "झालं. आता ती दे," आणि पदर पुढे केला. त्यात पाकीट ठेवून गाठ मी मारून दिली. पुढे दर महिन्याला मीच मारायची, हे न बोलता ठरलं.

तेव्हापासून हौसाबाई रोज सकाळी बाजार मांडण्याआधी एक मूठभर मेथी वेगळी काढायच्या आणि लाल दोऱ्याने बांधून क्रेटच्या कडेला ठेवायच्या. बांधायची पद्धतही त्यांनी नवी बसवली होती. उजवा हात पाल्यावर नुसता दाबून ठेवायचा, दोरा डाव्या हाताने फिरवायचा आणि टोक दाताने ओढायचं. त्यांचा आकडा मधल्या बांधावर आला आणि, एखादा महिना सोडला तर, तिथेच राहिला.

मग एकदा पावसाळ्यात मेथीचे हाल झाले. बाजारात काडी नव्हती. हौसाबाईंच्या सगळ्या जुड्या संपल्या होत्या, लाल दोऱ्याची तेवढी एक उरली होती. वाघचौरे साहेब पिशवी घेऊन उभे होते. काउंटरवरून मला सगळं ऐकू येत होतं.

"ही एक द्या की."

"ती इकायची नाय साहेब. माझ्या गोळीची हाय."

"कुठल्या गोळीची?"

"नाव ताईला इचारा. ती काय करती ते मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं. विहीर, फुटव्हॉल्व्ह, शेवाळ, खत, मूठ. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस भर फुटपाथवर पिशवी धरून फुटव्हॉल्व्ह समजून घेत होता.

साहेब माझ्याकडे आले. घसा साफ केला नाही. "बाई, ती म्हणते रोज सारखाच पाला खायला हवा. माझ्या गोळीलाही हे लागू आहे?"

"तंतोतंत लागू आहे, साहेब."

"मग इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मी ड्रॉवर उघडला आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. पाच लाल खुणा तशाच होत्या. पालेभाजीची ओळ चौथी होती. त्या ओळीतल्या 'जीवनसत्त्व' शब्दात मी एक 'त' कमी लिहिला होता, आणि तो साहेबांनी फार सुबक अक्षरात भरून दिला होता.

साहेबांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्यापासून वाचला. या वेळी पेन खिशातच राहिलं. कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन कडुलिंबाखाली उभे राहिले. हौसाबाईंनी दाताने दोरा ओढून एक मुठीची जुडी बांधली आणि त्यांच्या पिशवीत टाकली.

"रोज या," त्या म्हणाल्या. "आन् बाजार पडला म्हनून दोन मागितल्या, तर देनार नाय."